दुपारच्या मॅडम

मॅडम कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पत्र्याला हात लावायच्या. तळहात नाही, उलटा हात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. आमच्या टेकडीवरचे पत्रे दाराजवळ इतके खाली आलेले असतात की कुणाचाही हात सहज पोचतो. एप्रिल-मेच्या दुपारी तो पत्रा कसा असतो हे आम्हाला ठाऊक, म्हणून आम्ही त्याच्या वाटेला जात नसू. मॅडम मात्र हात लावायच्या, झटकन मागे घ्यायच्या आणि ओढणीच्या टोकाने चोळत म्हणायच्या, "आहे ताप." मग चपला बाहेर काढून आत यायच्या.

घाटकोपर संपून साकीनाका सुरू होतो त्या बाजूला आमची टेकडी आहे. ऑफिसची माणसं टेकडीवर येतात ती सकाळी, ऊन चढायच्या आत. डासांच्या फवारणीवाले, पोलिओच्या डोसवाल्या बाया, सगळे सकाळी. या एकट्या भर दुपारी यायच्या, आमची कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला सावली धरून पडलेली असतात तेव्हा. म्हणून त्यांचं नाव दुपारच्या मॅडम पडलं. पहिल्यांदा आल्या तेव्हा आईला वाटलं, वाट चुकल्या.

"सकाळी का नाही येत, मॅडम? त्रास होतो ना तुम्हाला," आईने नंतर एकदा विचारलं.

"सकाळी सगळी घरं सारखीच दिसतात, ताई. मला कळत नाही मग काही."

त्या वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनियर. बरीच वर्षं नाल्यांच्या खात्यात काढलेली, निवृत्ती दिसायला लागलेली. तेव्हा निवडणुका झालेल्या नव्हत्या, नगरसेवक नव्हते, सगळा भार वॉर्ड ऑफिसवरच होता. शहराचा मोठा हवामान आराखडा तयार झाला होता आणि आता वॉर्डाने आपला छोटा करायचा होता. कुठे ऊन जास्त लागतं, कुठे पाणी तुंबतं, कुठे वीज धड पोचत नाही, आणि यावर काय करणार. त्या कामासाठी ऑफिसात एक जादा टेबल टाकलं गेलं आणि त्या टेबलावर मॅडमना बसवलं गेलं. "कुणालाच नको होतं ते टेबल," त्या म्हणायच्या. "मी त्या दिवशी रजेवर होते."

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला जाणार होते, भूगोल घेऊन. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे ऑफिसचं कुणी दारात आलं की आई मलाच पुढे करायची. "प्रज्ञा, तू बोल." मला कुठे बोलता येत होतं? पण मॅडम पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या कोपऱ्याकडे खूण केली. तिथे पप्पा झोपले होते.

पप्पा साकीनाक्याला प्लास्टिकच्या मोल्डिंगच्या युनिटमध्ये कायम रात्रपाळीला. सकाळी घरी येणार, चहा-भाकरी घेणार आणि अंगावर ओला टॉवेल टाकून आडवे होणार. मॅडमनी पत्र्याला हात लावला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा सगळा तपास कुजबुजत सुरू झाला. घरात माणसं किती? पंखे किती? दुपारी लाइट असते का? मी कुजबुजत उत्तरं देत होते, आई कुजबुजत मला दुरुस्त करत होती. कोपऱ्यातून टॉवेलखालून आवाज आला, "मोठ्याने बोला, मॅडम. झोप कुठे लागतेय इथे!"

मॅडमना हसू आलं आणि मग लगेच आलं तसं गेलंही. पंखा बंद होता. पप्पा घामाने निथळत होते.

पंखा का बंद होता ते सांगायला हवं. आमच्या टेकडीवर घरांच्या दोन लाइनी आहेत. मध्ये एक मोठा काळा खडक. खडकाखालची लाइन जुनी, त्यांना मीटर आहेत. खडकाच्या वर आम्ही. वरची जमीन वन खात्याच्या हद्दीत येते, म्हणून आम्हाला मीटर नाही. खालच्या लाइनीतल्या पांडूमामांच्या मीटरवरून वायर वर येते आणि घराघरांत वाटली जाते. बल्बचा एक पॉइंट, पंख्याचा एक पॉइंट, असं. दुपारी सगळ्यांचे पंखे एकदम सुरू झाले की ती वायर तापायची, वास यायचा, आणि मामा स्विच पाडायचे. ऊन उतरलं की पुन्हा चालू. म्हणजे पंखा नेमका लागायचा तेव्हाच तो बंद. मामा काही वाईट माणूस नव्हते. आई भांडायला गेली की म्हणायचे, "वहिनी, माझं घर पेटलं तर तुमचा पंखा काय मला वारा घालायला येणार हाय?" आई तशीच परत यायची. 

मॅडमची एक सवय आम्हाला आधी विचित्र वाटायची. त्या "होईल" असं कधी म्हणायच्या नाहीत. ऑफिसच्या माणसाच्या तोंडात तो शब्द असतोच. "होऊन जाईल, मावशी" म्हणत तो उतरणीला लागलेला असतो. मॅडम म्हणायच्या, "मी होईल म्हणणार नाही. मी विचारीन, आणि काय म्हणाले ते येऊन सांगीन." आणि खरंच येऊन सांगायच्या. वीज कंपनीला विचारलं, ते जमिनीचा कागद मागतात, म्हणून नाही. वन खात्याला विचारलं, नाही. सोलरचं विचारलं, पत्र्याखालचे वासे वजन घेणार नाहीत, म्हणून नाही. एवढं सांगायला त्या भर उन्हात पायऱ्या चढून यायच्या, आमच्या दारात बसून माठातलं पाणी प्यायच्या आणि उतरून जायच्या.

"नाही सांगायला कुणी एवढं चढतं का गं?" आई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाली होती. "फोन करायचा ना सरळ."

मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोनवर नाही म्हणणं फार सोपं पडतं, बाय. सवय लागते."

त्या मूळच्या गोराईच्या. तिथल्या जुन्या ख्रिस्ती गावातल्या, घरात मराठीच बोलणाऱ्या. लाड आला किंवा थकवा आला की मला "बाय" म्हणायच्या, आणि दोन्हींतलं काय आलंय ते आवाजावरून ओळखावं लागायचं. लहानपणी पावसात गोराईची वीज गेली की दिवसच्या दिवस यायची नाही, असं त्या सांगायच्या. "पप्पा जाळी विणत बसायचे कंदिलात. आणि समोर खाडीपलीकडे बोरिवली नुसती लखलखत असायची. मी विचारायची, ते आपल्याला थोडी का नाही देत? पप्पा म्हणायचे, त्यांना आपण दिसत नाही ना, अंधारात आहोत आपण." हे सांगताना त्या हसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, पण मीही हसायची.

थकवा त्यांच्या अंगातच मुरलेला होता. एक घडीचं स्टूल आणि ताकाची बाटली घेऊन त्या वर चढायच्या. वस्तीच्या बुद्ध विहारात बायकांची बैठक भरायची. विहाराला मीटर आहे, तो खडकाच्या खालच्या अंगाला आहे. पंख्याखाली स्टूल मांडून मॅडम प्रश्न विचारायच्या आणि उत्तर ऐकता ऐकता त्यांची मान खाली जायची. बायका गप्प व्हायच्या. कुणीतरी खूण करायचं, झोपू दे तिला. मग शांततेनेच त्यांना जाग यायची. "ऐकतेय मी. पाण्याचं चाललं होतं ना?"

"पाण्याचं मघाशीच झालं, मॅडम," दाराशी बसलेले पांडूमामा म्हणायचे. "ती झोप इकडे वरच्या लाइनीला द्या थोडी. रात्रपाळीवाला हाय एक, लय गरज हाय त्याला."

एका बैठकीत मी कॉलेजात शिकलेलं सांगायला गेले. हवामान बदल, अनुकूलन, ऊर्जेची उपलब्धता, असं काहीतरी बोलले. आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती आणि तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हे आता आईला सांग."

"सांगितलं ना, मॅडम. मराठीतच सांगितलं."

"नाही गं. आईला सांग."

 मॅडमनी आईकडे वळून सांगितलं, "ताई, पत्रा थंड करायचा आणि पंखा बंद पडू द्यायचा नाही. एवढा आपला आराखडा. बाकीची पानं आमच्या साहेबांसाठी."

"मग एवढीच पानं काढा ना," आई म्हणाली.

मग नकाशाची दुपार आली. वॉर्डाचा रंगीत नकाशा सल्लागार कंपनीने करून दिला होता. जिथे उष्णता जास्त तिथे लाल, त्याहून कमी तिथे पिवळा, झाडं तिथे हिरवा. मॅडमनी तो मोठा छापून आणला आणि विहाराच्या फरशीवर पसरला. सगळ्या बायका वाकल्या. खालची लाइन लालभडक होती. काळा खडकही दिसला. आणि खडकाच्या वर, जिथे आमची घरं, तिथे छान गर्द हिरवा रंग होता.

"हे काय, मॅडम?" मी विचारलं.

"जमीन वनाची, म्हणून वन धरलंय. आराखड्यात लिहिलंय की टेकडीचा माथा वॉर्डाला थंडावा देतो."

 पांडूमामा म्हणाले, "म्हणजे वरची लाइन सगळी झाडं काय?" आणि आईकडे वळून, "वहिनी, उद्यापासून वायर नको तुम्हाला, पाणी घालतो मी सकाळ-संध्याकाळ." विहार हसून हसून दुमदुमला. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मॅडम हसल्या नाहीत. स्टुलावर बसून ताकाची बाटली नुसती हातात फिरवत राहिल्या.

हसणं ओसरल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. हिरवा रंग राहिला तर वरच्या लाइनीसाठी आराखड्यात काहीही येणार नाही. ऊन परतवणारा पांढरा रंग नाही पत्र्याला, वीज नाही, काही नाही. झाडांना कोण पंखा देतं? रंग बदलून घेता येईल, त्यासाठी त्या भांडतील. पण रंग बदलला की वर वस्ती आहे हे कागदावर येईल. तो कागद मग सगळी खाती बघतील. वन खातंही बघेल.

"म्हणजे नोटीस येईल," आई म्हणाली.

"येऊ शकते. मी येणार नाही म्हणणार नाही."

"मग राहू दे हिरवं."

आईचं मला कळत होतं. मी पोटात असताना आमचं आधीचं घर तुटलं होतं, दुसऱ्या एका वस्तीत. आई त्याबद्दल बोलत नाही, पण अजूनही गल्लीत मोजमापाची टेप घेतलेला माणूस दिसला की ती आधी भांडी आवरायला घेते. वरच्या लाइनीतल्या बहुतेक घरांचं तिच्यासारखंच होतं. दिसलो नाही म्हणून टिकलो, असं आमचं गणित. मॅडमनी कुणाला समजावलं नाही. नकाशाची गुंडाळी करत म्हणाल्या, "घरी बोला. भांडा. माझ्यासाठी हो म्हणू नका, मी काही इथे राहायला नाही."

मला त्यांचा त्या दिवशी राग आला होता. शिकलेल्या बाईने आम्हाला हे कर, ते करू नको, असं स्पष्ट सांगावं असं वाटत होतं. उतरताना मी त्यांचं स्टूल घेतलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही आमच्या जागी असतात तर काय केलं असतं?"

त्या दोन पायऱ्या थांबत थांबत उतरल्या. "मला माझ्या जागी काय करायचं ते कळत नाही, बाय. तुझ्या जागेचं कुठे विचारतेस?"

त्या आठवड्यात पप्पा एका रात्री कामावरून लवकर परत आले. मशीनसमोर उभ्या उभ्या झोपले होते. साचा मिटत होता आणि त्यांचा हात आत जायच्या बेतात होता, तेवढ्यात बाजूच्या माणसाने खेचलं. सुपरवायझरने घरी पाठवलं आणि सांगितलं, पुन्हा असं झालं तर येऊ नका. पप्पा हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सांगत होते, दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं. हात बघत होते मात्र सारखे. उलटा, सुलटा.

 दुपारी पंखा बंद पडला तेव्हा आई पुठ्ठा घेऊन पप्पांच्या उशाशी बसली आणि ऊन उतरेपर्यंत वारा घालत राहिली. मग उठली, नळावर गेली. आमच्याकडे वरच्या लाइनीचं काहीही ठरतं ते नळावरच, पाण्याची वेळ झाली आणि हंडे रांगेला लागले की. तिथे ती बायकांना काय बोलली ते मला माहीत नाही, मी पप्पांपाशी बसले होते. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "मॅडमना फोन लाव. रंग बदला म्हणावं."

"आणि नोटीस आली तर?"

"आली तर जागेपणी बघू. आधी त्यांना झोपू दे."

वॉर्ड ऑफिसातल्या बैठकीला मॅडमनी आईला आणि मला बोलावलं. एसी इतका होता की आईने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. "इथे बसून उन्हाचं बोलतात?" ती माझ्या कानात म्हणाली. मोठ्या टेबलाभोवती वॉर्डाचे साहेब, वन खात्याचे एक अधिकारी, वीज कंपनीचा एक तरुण, आणि लॅपटॉप घेतलेली सल्लागार कंपनीची मुलगी. मी घरून भाषण पाठ करून नेलं होतं. त्यात अनुकूलन होतं, ऊर्जेचा हक्क होता. मॅडम म्हणाल्या, "ही वरच्या लाइनीची. हिला ऐकूया." मी उभी राहिले आणि सगळं पुसलं गेलं.  शेवटी म्हणाले, "माझे पप्पा दिवसा झोपतात. म्हणजे... झोपायला पाहिजेत." आणि खाली बसले.

माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण ते एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण वीज कंपनीच्या त्या तरुणाने मान वर केली. "रात्रपाळीला आहेत का? माझे वडीलही होते, मिलमध्ये," तो म्हणाला. मग मॅडमना विचारलं, "खडकाच्या खाली पक्की भिंत आहे का एखादी?"

"विहाराची आहे."

मग त्यांचं आपसात सुरू झालं. विहाराच्या भिंतीवर वरच्या लाइनीसाठी एक सामाईक मीटर बसवता येईल, जाड केबलचं. वन खात्याच्या अधिकाऱ्यांनी नकाशा आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "खडकाच्या वर खांब नको. खाली तुमच्या हद्दीत काय करता ते मला विचारू नका." मॅडम म्हणाल्या, "विचारत नाही." रंगाचं निघालं तेव्हा लॅपटॉपवाली मुलगी म्हणाली की हिरवा पूर्ण काढता येणार नाही, जमीन बदलत नाही; पण हिरव्यावर तिरप्या रेघा मारता येतील, आणि त्याखाली उन्हाचा धोका असलेली वस्ती असं लिहिता येईल.

मॅडमनी आईकडे पाहिलं. पूर्ण टेबल थांबलं. एवढ्या साहेबलोकांत आपल्यासाठी कुणी थांबलंय हे आईच्या लक्षात यायला वेळ लागला. तिने मान हलवली.

"मारा रेघा," मॅडम म्हणाल्या.

हे वाचून वाटेल, झालं सगळं. तसं काही झालं नाही. उन्हाळा संपला, मीटर आलं नाही. पांढरा रंग आला तो खालच्या लाइनीपुरता. वरच्या लाइनीचं पुढच्या टप्प्यात, असं कळलं. आराखडा छापून आला तेव्हा आत आमच्यावर रेघा होत्या, पण मुखपृष्ठावर जुनाच नकाशा होता, गर्द हिरवा. आणि पाऊस संपत आला असताना मॅडमची बदली झाली. मुलुंडला, दुकानांच्या परवान्यांच्या खात्यात.

हे सांगायला त्या वर आल्या. दुपारीच. चढताना पहिल्यांदाच मध्ये बसल्या, काळ्या खडकावर. मी खाली आणायला गेले तर म्हणाल्या, "थांब बाय, जरा बसू. इथपर्यंतच माझा आराखडा पोचलाय, याच्या वर नाही." घरी आल्यावर सवयीने पत्र्याला उलटा हात लावला. पत्रा पावसाने गार होता. "आज ताप नाही," म्हणाल्या. आईने चहा ठेवला. पप्पा जागे होते, ते भिंतीला टेकून बसले.

"मीटरचं अजून काही नाही," मॅडमनी सांगितलं. "मंजुरी आहे, पैसे कुठल्या खात्यातून टाकायचे ते ठरत नाही. नवे साहेब येतील, त्यांना सांगून जातेय. होईल असं..."

"तुम्ही म्हणणार नाही," पप्पा म्हणाले.

"नाही म्हणणार." त्या कपाकडे बघत होत्या. "दुसऱ्या कुणी म्हटलं तर मात्र सोडू नका त्याला."

जाताना त्यांनी स्टूल आमच्याकडे ठेवलं. परवान्याच्या खात्यात खुर्ची असते, म्हणाल्या. आईने त्यांना दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरवल्या. मी वरून बघत होते. वळणावर त्या वळून हात करतील असं वाटलं होतं. त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे होतं.

नवे साहेब सकाळी आले. भला माणूस. "होऊन जाईल," म्हणाले. मी म्हटलं, "सर, एकदा भर दुपारी याल का?" ते म्हणाले, दुपारी मीटिंगा असतात. मी पुढच्या सोमवारी ऑफिसात गेले आणि त्यांच्या टेबलासमोर घडीचं स्टूल मांडून बसले, कारण दुसरी खुर्ची नव्हती. त्यांनी विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, "मीटरचं काय झालं ते ऐकायला आलेय. नाही असेल तरी चालेल." त्यानंतर अधूनमधून जातच राहिले. परीक्षा झाली, निकाल लागला, मी एम.ए.ला नाव घातलं, तरी जातच होते. मला बोलता अजूनही येत नाही. बसता येतं.

मधल्या काळात एक दिवस टेप घेतलेली माणसं वर आली. कुणाची, ते त्यांनी धड सांगितलं नाही. प्रत्येक दारावर लाल रंगाने आकडा टाकून गेले. आईने भांडी आवरून पोत्यात भरली आणि ती बरेच दिवस तशीच ठेवली. आम्ही एका पातेल्यावर आणि एका तव्यावर दिवस काढले. नोटीस आली नाही. आकडा अजून दारावर आहे. तो मीटरसाठीचा आहे की तोडण्यासाठीचा, कुणालाच माहीत नाही. आई रोज दारासमोर पाणी शिंपडताना त्याच्याकडे एकदा बघते. रंग बदला म्हणून तिनेच सांगितलं होतं, याची तिला मी कधी आठवण करून देत नाही. तिला आठवतच असणार.

मग या उन्हाळ्यात, अर्धा उन्हाळा संपल्यावर, विहाराच्या भिंतीवर एक राखाडी पेटी बसली आणि तिथून जाड काळी केबल खडकाला वळसा घालून वर आली. पांडूमामा स्वतः शिडी धरून उभे होते. "सुटलो बाबा," ते म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "आता वहिनी भांडायला कुणाकडं जाणार?" पत्र्याला रंग लागलेला नाही. तो पावसानंतर, असं नवे साहेब म्हणतात. पत्रा तसाच तापतो. काल मी उलटा हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला.

पण पंखा चालू होता. दुपारभर चालू राहिला. त्याचा वारा गरमच होता, तरी पप्पांच्या अंगावरचा टॉवेल सुकून खाली घसरला आणि त्यांना कळलं नाही. तोंड थोडं उघडं, एक हात पोटावर. घोरत होते. आई दाराशी बसून तांदूळ निवडत होती आणि निवडायचं सोडून त्यांच्याकडे बघत होती.

मी मॅडमना फोन लावला. बराच वेळ वाजला. मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी परवान्यावरून भांडत होतं.

"कोण? प्रज्ञा? काय झालं गं?"

"काही नाही, मॅडम. सहज."

"ऐकू येत नाहीये नीट. एवढी हळू का बोलतेस?"

"पप्पा झोपलेत," मी म्हटलं.

 पलीकडे गलका चालूच होता. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू, पहिल्या दिवशी आमच्या दारात होता तसा.

"ठेव मग, बाय. उठतील ते."